गणित शिकवणाऱ्यांचीही शाळा भरली पाहिजे

दहावीचा निकाल लागला की सोलापुरातल्या आपल्या घराघरांत एकच चर्चा सुरू होते, पोरीला पुढं कशाला घालायचं? मराठीत, समाजशास्त्रात गुण बरे असतात. बोट गणिताच्या रकान्यापाशी येऊन थांबते. मग शेजारचा एखादा जाणता माणूस सल्ला देतो, ‘गणित सोडून दे. आर्ट्सला टाक, नाहीतर बिगर-गणिताचं कॉमर्स घे.’ सल्ला चांगल्या मनाने दिलेला असतो. आईने विड्या वळून आणि वडिलांनी पॉवरलूमवर रात्रपाळ्या करून शिकवलेल्या मुलीची वाट मात्र त्या एका वाक्याने अर्ध्यावर बंद होते. इंजिनिअरिंग गेले, पॉलिटेक्निक गेले, पुढे संख्याशास्त्र आणि संगणकाच्या वरच्या शिक्षणाची दारेही अवघड झाली.

‘आपल्या पोरांना गणित जमत नाही’ हे वाक्य आपणच इतक्या वेळा बोललो आहोत की ते आता खरे वाटू लागले आहे. ते खरे नाही. पोरगे गणितात का अडकले याची चौकशी करताना आपण पोराच्या डोक्यापर्यंत जाऊन थांबतो. एक पाऊल पुढे टाकून असे विचारत नाही की, शिकवणाऱ्या गुरुजींना आणि बाईंना हे गणित कोणी शिकवले, कसे शिकवले, आणि नोकरीला लागल्यावर पुन्हा कधी शिकवले का? आजचा हा लेख त्या प्रश्नावर आहे. मी काही गणिताचा प्राध्यापक नाही. बी.कॉम. झालेला, कचेरीत खर्डेघाशी करणारा आणि सुटीच्या दिवशी मुलांच्या अभ्यासवर्गात बसणारा माणूस आहे. त्यामुळे जे सांगायचे ते साध्या भाषेत सांगतो.

अकरावीचा उंबरठा

दहावीपर्यंत आपली बहुतेक मुले मराठी माध्यमात शिकतात. अकरावीला सायन्स घेतले की पुस्तक इंग्रजी, फळ्यावरचे लिखाण इंग्रजी. त्याच वर्षी गणिताचा चेहराही बदलतो. बालभारतीने २०१९ साली अकरावीचे आणि २०२० साली बारावीचे नवे पुस्तक काढले. त्यात अकरावीच्या दुसऱ्या भागात फंक्शन, मग लिमिट, मग कंटिन्युइटी, मग डिफरन्शिएशन अशी प्रकरणे एकापाठोपाठ येतात. बारावीला त्याचा उपयोग, त्यानंतर इंटिग्रेशन. कॉमर्सचे गणित घेतले तरी ही प्रकरणे चुकत नाहीत. दहावीनंतर पॉलिटेक्निकला गेले तर पहिल्याच वर्षी हेच पुढ्यात येते. मराठीत या शास्त्राला कलन म्हणतात. फंक्शन म्हणजे फलन, लिमिट म्हणजे सीमा, डिफरन्शिएशन म्हणजे अवकलन आणि इंटिग्रेशन म्हणजे समाकलन.

म्हणजे एकाच वर्षी भाषा नवी आणि कल्पनाही नवी. आपल्या वस्तीत फंक्शन म्हणजे बारसे, वाढदिवस, नाहीतर मंडळाचा कार्यक्रम! वर्गात सर ‘फंक्शन’ म्हणाले की मुलीच्या डोळ्यांसमोर मंडप आणि लाऊडस्पीकर येतो, आणि सर तर सरळ व्याख्या लिहून देऊन पुढच्या उदाहरणाकडे वळलेले असतात. तिथे जी गाठ बसते ती बारावीपर्यंत सुटत नाही. मग गाईड घ्यायचे, ‘अपेक्षित’ पाठ करायचे आणि जमले तर महागडा क्लास लावायचा. ज्यांच्या घरी क्लासचे पैसे नाहीत त्यांनी गणित सोडायचे.

फलन म्हणजे तरी काय?

वास्तविक फलन ही कल्पना आपल्या घरात रोज वावरते. समजा, हजार विड्यांना अमुक मजुरी असा भाव ठरलेला आहे. आईने किती विड्या दिल्या हे सांगितले की मजुरी किती हे ठरते. पाचशे दिल्या तर एक आकडा, आठशे दिल्या तर दुसरा. आत एक संख्या घातली की बाहेर एकच ठरलेली संख्या येते. एकाच मालाला आज दोन वेगवेगळे हिशेब निघू लागले तर आई कारखान्यात भांडेल, कारण तिला नियम माहीत आहे. तो नियम म्हणजेच फलन. आता खराब म्हणून बाजूला काढलेल्या विड्या वजा करा. आधी वजाबाकी, मग भावाने गुणाकार, म्हणजे एका फलनाचे उत्तर दुसऱ्या फलनात घातले. पुस्तकात याला संयुक्त फलन म्हणतात आणि त्यावर मुलांना घाम फुटतो. घरी हाच हिशेब आई बोटांवर करते.

अवकलनही तसेच. उन्हाळा-पावसाळ्यात सोलापूरकरांच्या तोंडी दोन शब्द असतात, टीएमसी आणि क्युसेक. दौंडहून उजनीत इतके क्युसेक पाणी येते, धरणात इतके टीएमसी साठले. क्युसेक म्हणजे एका सेकंदाला एक घनफूट पाणी. टीएमसी म्हणजे शंभर कोटी घनफूट पाणी. एक सांगतो पाणी कोणत्या वेगाने येत आहे, दुसरा सांगतो एकंदर किती साठले. साठा कसा बदलतो हे पाहून वेग काढणे म्हणजे अवकलन, आणि क्षणाक्षणाचा वेग जमवत जाऊन साठा काढणे म्हणजे समाकलन. दिवसाचे सेकंद ८६,४०० होतात. त्या हिशेबाने सुमारे साडेअकरा हजार क्युसेकने दिवसभर पाणी आले तर एक टीएमसी भरते. उजनीची एकूण क्षमता सुमारे ११७ टीएमसी आणि त्यातला सुमारे ६३ टीएमसी मृतसाठा. मृतसाठा भरून वर पाणी यायला किती दिवस लागतील हा हिशेब सातवीची मुलगी करू शकते. रोज विसर्ग बदलत असेल तर काय करायचे, असे तिने विचारले की ती कलनाच्या दारात उभी राहिली असे समजावे.

मी स्वतः कॉमर्सचा. आम्हाला अर्थशास्त्रात ‘सीमांत खर्च’ शिकवला जाई. आणखी एक नग काढला तर खर्च किती वाढतो, तो सीमांत खर्च. त्या कल्पनेच्या पोटातही अवकलनच आहे. चादरी विणणाऱ्या गावात हे शिकवायला दुसऱ्या उदाहरणाची गरज ती काय?

प्रश्न असा की, वर्गात हे असे का सांगितले जात नाही?

गुरुजींना कोणी शिकवले?

याचे उत्तर शिक्षक कसे तयार होतात यात आहे. प्राथमिक शाळेचा शिक्षक व्हायला बारावीनंतर डी.एड. करावे लागे. आता त्याला डी.एल.एड. म्हणतात. बारावी कोणत्याही शाखेची चालते. म्हणजे दहावीनंतर गणिताचे पुस्तक मिटवलेला तरुणही पुढे पाचवीला अपूर्णांक शिकवायला उभा राहू शकतो. यात त्याचा दोष नाही. नियमच तसा आहे. हायस्कूलला बी.एस्सी., बी.एड. आणि ज्युनियर कॉलेजला एम.एस्सी., बी.एड. झालेले शिक्षक असतात. त्यांना गणित येते. पण स्वतःला गणित येणे आणि तेरा-चौदा वर्षांच्या मुलाचे नेमके कुठे चुकते हे ओळखता येणे, या दोन वेगळ्या विद्या आहेत. बी.एड. पूर्वी एका वर्षाचे होते, २०१५ पासून ते दोन वर्षांचे झाले. त्यात अध्यापन पद्धती असते, पाठटाचण असते, सराव पाठ असतात. तरी पुष्कळ ठिकाणी भर टाचण नीट लिहिण्यावर आणि तक्ते रंगवण्यावर राहतो.

एक साधे उदाहरण घ्या. अपूर्णांकाचा भागाकार करताना ‘दुसरा उलटा करून गुणायचे’ हा नियम आपण सगळ्यांनी पाठ केला. का उलटा करायचा? तीन भाकरी आहेत. प्रत्येकाला अर्धी द्यायची. किती जणांना पुरतील? सहा. तीन भागिले अर्धा म्हणजे तीन गुणिले दोन. झाला नियम सिद्ध. एवढे सांगायला फार तर दोन मिनिटे लागतात. पण ज्या शिक्षकाला स्वतःला नियमच पाठ करवून घेतला गेला, तो मुलांनाही नियमच देणार. ‘हातचा’ का घ्यायचा, ‘उसना’ कोणाकडून घ्यायचा, तो परत का द्यायचा नाही, असे प्रश्न मुले मनात विचारतात आणि मार खाण्याच्या भीतीने गिळून टाकतात. पाचवीत गिळलेला हा प्रश्न अकरावीत फलनाच्या वेळी वर येतो.

म्हणून प्रशिक्षण तीन गोष्टींचे हवे. पहिली, शिक्षकाचे स्वतःचे गणित पक्के करणे, आणि तेही त्याच्या वर्गाच्या पाच-सहा इयत्ता पुढचे. पाचवीच्या शिक्षकाला फलन कळले तर तो पाढा निराळा शिकवेल. दुसरी, मुलांच्या चुका वाचायला शिकणे. मूल २०३ ऐवजी २००३ लिहिते तेव्हा ते निष्काळजी नसते. त्याने दोनशे आणि तीन ऐकले आणि ऐकले तसे लिहिले. ते स्थानिक किमतीपाशी अडलेले आहे. तिसरी गोष्ट, हाताने करून पाहायला लावणे.

पुठ्ठ्याचा डबा : घरी करून पाहा

चांगल्या प्रशिक्षणात शिक्षकांना पुढ्यात कागद-कात्री घेऊन बसवतात. असाच एक प्रयोग सांगतो, तो रविवारी घरीही करता येईल. बारा सेंटिमीटर लांब-रुंद असा चौरस पुठ्ठा घ्या. चारही कोपऱ्यांतून सारखे छोटे चौरस कापा आणि कडा वर दुमडून वरून उघडा डबा करा. कोपऱ्यातून किती कापले तर डब्यात सर्वांत जास्त धान्य मावेल?

कोपऱ्यातून १ सेंटिमीटर कापले तर तळ १० बाय १० आणि उंची १, म्हणून १०० घन सेंटिमीटर. २ कापले तर ८ बाय ८ बाय २, म्हणजे १२८. ३ कापले तर ६ बाय ६ बाय ३, म्हणजे १०८. ४ कापले तर ४ बाय ४ बाय ४, म्हणजे ६४. आधी वाढले, मग घटले. कोणी म्हणेल, दीडने किंवा अडीचने पाहू. दीडला १२१.५ येते, अडीचला १२२.५ येते. दोनच बरोबर. आता हे आकडे चौकटीच्या कागदावर मांडा आणि बिंदू जोडा. टेकडीसारखी रेघ तयार होते. टेकडीच्या माथ्यावर क्षणभर चढही नाही आणि उतारही नाही, तिथे चढाचे माप शून्य. ते शून्य कुठे येते हे शोधण्याचे हत्यार म्हणजे अवकलन.

चढाचे माप तरी कसे काढायचे? एक गाडी सुटल्यापासून जितके सेकंद झाले त्याच्या वर्गाइतके मीटर जाते असे समजा. तीन सेकंदांना ९ मीटर, चार सेकंदांना १६ मीटर. त्या एका सेकंदाचा सरासरी वेग ७. पण बरोबर तिसऱ्या सेकंदाला काट्यावर काय दिसत असेल? ३ ते ३.१ सेकंद पाहा, वेग ६.१ येतो. ३ ते ३.०१ पाहा, ६.०१ येतो. अंतर लहान करत गेलो की आकडा ६ च्या जवळ जातो. ही झाली सीमा. सूत्र यानंतर लिहायचे. आपल्याकडे सूत्र आधी येते आणि गाडी कधी येतच नाही, हीच तक्रार आहे.

ही वाट जुनीच आहे

हे काही परदेशातून आलेले नवे खूळ नव्हे. ‘दर्पण’ हे पहिले मराठी वृत्तपत्र ६ जानेवारी १८३२ रोजी सुरू करणारे बाळशास्त्री जांभेकर एल्फिन्स्टनमध्ये गणित शिकवीत. अवकलनावरचे ‘शून्यलब्धी’ हे मराठी पुस्तक त्यांच्या नावावर आहे, आणि १८४५ साली शिक्षक तयार करण्यासाठी मुंबईत अध्यापन वर्ग निघाला तेव्हा त्याचे काम त्यांच्याकडेच आले. म्हणजे कलन मराठीत आणणे आणि शिक्षकांना शिकवणे ही दोन्ही कामे पावणेदोनशे वर्षांपूर्वी एका माणसाने अंगावर घेतली होती. ‘उच्च गणित मराठीत सांगताच येत नाही’ असे म्हणणाऱ्यांनी हे ध्यानात ठेवावे. अर्थात, ते ज्ञान तेव्हा कोणाच्या दारापर्यंत पोहोचत होते आणि कोणाच्या दारावरून परत जात होते हे आपल्याला कोणी सांगायला नको.

दिल्लीच्या मास्टर रामचंद्रांनी १८५० साली एक ग्रंथ काढला. वर आपण डब्याचे केले तसे ‘सर्वांत जास्त’ आणि ‘सर्वांत कमी’चे प्रश्न कलनाशिवाय, साध्या बीजगणिताने कसे सोडवायचे हे त्यांनी दाखवले. आपल्या मुलांना परिचित असलेल्या वाटेने अवघड जागी नेणे हाच त्यामागचा हेतू. इंग्लंडचे गणिती डी मॉर्गन यांनी तो ग्रंथ १८५९ साली लंडनमध्ये पुन्हा छापवून घेतला.

आणि सावित्रीबाई? १८४८ साली पुण्यात मुलींची शाळा सुरू झाली हे आपल्या लहान मुलांनाही पाठ आहे. पण त्यांनी अहमदनगरला आणि पुण्याच्या नॉर्मल स्कूलमध्ये शिकवण्याचे रीतसर शिक्षण घेतले होते, ही गोष्ट जयंतीच्या भाषणात क्वचित येते. शिकवायची तळमळ असली तरी शिकवायचे कसे हे शिकावे लागते, हे त्यांनी कृतीने दाखवले. महात्मा फुल्यांनीही १८८२ साली हंटर कमिशनपुढे निवेदन दिले तेव्हा प्राथमिक शिक्षक प्रशिक्षित असावेत आणि त्यांना पगार बरा मिळावा अशी मागणी केली.

नाशिकजवळच्या देवळालीचे शाळामास्तर द. रा. कापरेकर यांचे उदाहरण तर प्रत्येक शिक्षकाने टेबलावर लिहून ठेवावे. बी.एस्सी. झालेला हा माणूस जन्मभर शाळेत शिकवत राहिला आणि आकड्यांशी खेळत राहिला. सगळे अंक सारखे नसलेली कोणतीही चार अंकी संख्या घ्या. अंक उतरत्या क्रमाने मांडा, चढत्या क्रमाने मांडा, वजाबाकी करा. उत्तराचे पुन्हा तेच करा. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. मग ८७३० वजा ०३७८ म्हणजे ८३५२. मग ८५३२ वजा २३५८ म्हणजे ६१७४. पुढे कितीही वेळा करा, ६१७४ च राहते. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कोणतीही संख्या इथे येऊन थांबते. हेही एक फलनच आहे, आत एक संख्या, बाहेर एक संख्या. या संख्येला आज जगभर कापरेकर स्थिरांक म्हणतात. अमेरिकेतल्या मार्टिन गार्डनर यांनी १९७५ साली त्यांच्यावर लिहिले तेव्हा कुठे त्यांचे नाव सर्वत्र झाले. ज्या शिक्षकाला स्वतःला गणिताची गोडी आहे त्याच्या वर्गातले वारेच वेगळे असते.

आपल्या मुलांवरचा पुरावा

कोणी म्हणेल, ही सगळी हुशारांची गोष्ट झाली. तर आता आपल्याच मुलांची गोष्ट ऐका. मुंबईत टाटा मूलभूत संशोधन संस्थेने १९७४ साली होमी भाभा विज्ञान शिक्षण केंद्र सुरू केले. या केंद्राने जळगाव जिल्ह्यातल्या खिरोदा परिसरात ग्रामीण शाळांच्या शिक्षकांबरोबर काम केले. नंतर १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला प्रा. वि. गो. कुलकर्णी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी मुंबई महापालिकेच्या शाळांतली अनुसूचित जातींची मुले निवडली आणि त्यांना काही वर्षे नीट शिकवून पाहिले. मागे राहिलेले भाग भरून काढले, भाषा सोपी केली, मुलांना प्रश्न विचारायला लावले. मुले पुढे गेली. अडथळा डोक्यात नव्हता. तो पुस्तकाच्या भाषेत होता आणि मागच्या इयत्तांत राहून गेलेल्या पायऱ्यांत होता. ‘आपल्या पोरांना गणित जमत नाही’ म्हणणाऱ्याला यापुढे हे ऐकवा.

भाषा गणितात कशी आडवी येते याचे अलीकडचे उदाहरण २०१९ सालचे. बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात ‘सत्तावीस’ बरोबर ‘वीस सात’ असे वाचनही आले आणि महाराष्ट्रभर गदारोळ उठला. थट्टा झाली, विधिमंडळातही विषय गेला. गणित समितीच्या अध्यक्ष डॉ. मंगला नारळीकर शांतपणे सांगत होत्या की, मराठीत सत्तावीस म्हणताना सात आधी येतो आणि लिहिताना दोन आधी लिहावा लागतो, म्हणून लहान मूल ७२ लिहून बसते. सोलापूरकरांना हे वेगळे समजावून सांगायला नको. आपल्या शेजारच्या तेलुगू घरात ‘इरवै एडु’ म्हणतात, कन्नड घरात ‘इप्पत्तेळु’ म्हणतात. दोन्हींचा अर्थ वीस सात. एकाच वर्गात मराठी, तेलुगू, कन्नड मुले बसतात अशा या गावात शिक्षकाला ही गोष्ट माहीत असेल तर तिचे तो सोने करील. पण पुस्तक बदलले त्या मानाने त्यामागचा विचार शिक्षकांपर्यंत आणि पालकांपर्यंत पोहोचला नाही, म्हणून एका चांगल्या कल्पनेची चेष्टा झाली. नुसते पुस्तक बदलून भागत नाही, ते असे.

प्रशिक्षण की हजेरीपत्रक?

व्यवस्था कागदावर नाही असे नव्हे. १९८६ च्या शैक्षणिक धोरणानंतर जिल्ह्याजिल्ह्यांत शिक्षण व प्रशिक्षण संस्था निघाल्या. आपल्या जिल्ह्याची संस्था माळशिरस तालुक्यात वेळापूरला आहे. केंद्रावर शिक्षण परिषदा होतात. जिल्हा परिषदेच्या शाळांना गणित पेट्या मिळाल्या. २०२० च्या राष्ट्रीय धोरणाने तर प्रत्येक शिक्षकाला वर्षाला किमान ५० तासांचे प्रशिक्षण मिळावे असे म्हटले आहे. आणि याच आपल्या जिल्ह्यातल्या माढा तालुक्यात, परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेत शिकवणारे रणजितसिंह डिसले यांना डिसेंबर २०२० मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. बक्षिसाची अर्धी रक्कम त्यांनी अंतिम फेरीतल्या इतर शिक्षकांना वाटून दिली. सोलापूरच्या मातीत चांगला शिक्षक होत नाही असे कोणी म्हणू शकत नाही.

पण एका शिक्षकाच्या कर्तबगारीवर जिल्ह्याची मुले तरत नाहीत. प्रशिक्षण अनेकदा कसे होते? हॉलमध्ये दीडशे शिक्षक, पुढे एक वक्ता, पडद्यावर सरकणारी चित्रे, दुपारी जेवण, शेवटी सही. परत गेल्यावर वर्गात येऊन कोणी पाहत नाही की त्यातले काय उतरले. गणित पेटी खराब होईल म्हणून कपाटात कुलूपबंद राहते. त्यात शिक्षकाच्या मागे निवडणुकीची कामे, मतदार याद्या, सर्वेक्षणे, रोजची ऑनलाइन माहिती. यात शिक्षकाला शिव्या घालून काही साधणार नाही. तोही आपल्यासारखाच वरून आलेल्या कागदांखाली दबलेला माणूस आहे. त्याच्या बाजूने उभे राहून त्याला शिकायला वेळ मिळवून देणे हे आपले काम आहे.

आई-वडिलांनी काय करावे?

मला गणित कळत नाही, मी शाळेत जाऊन काय विचारू, असे म्हणू नका. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने सरकारी आणि अनुदानित शाळांत शाळा व्यवस्थापन समिती आली आहे. तिच्यात तीन चतुर्थांश सभासद पालक असतात आणि निम्म्या स्त्रिया. विडी कामगार आईला त्या खुर्चीवर बसण्याचा कायद्याने दिलेला अधिकार आहे. सही करून घरी येऊ नका. चार गोष्टी विचारा. आमच्या शाळेतल्या गणिताच्या शिक्षकांचे गेल्या वर्षी कोणते प्रशिक्षण झाले? त्यातले काय वर्गात करून पाहिले? गणित पेटी कुठे आहे, मुलांच्या हाताला लागते का? आणि जी मुले मागे आहेत ती नेमकी कोणत्या पायरीवर अडली आहेत? हे प्रश्न आदराने विचारले तर चांगल्या शिक्षकाला आनंदच होतो, कारण त्यालाही कोणीतरी विचारायला हवे असते.

दुसरी गोष्ट आपल्या वस्तीतली. आपल्या समाजात आता शिक्षक पुष्कळ आहेत. प्राथमिकचे आहेत, हायस्कूलचे आहेत, ज्युनियर कॉलेजचेही आहेत. जयंतीला सगळे एका मंचावर दिसतात, पण गणितासाठी एका टेबलाभोवती बसत नाहीत. महिन्यातून एक रविवार, विहाराच्या सभागृहात किंवा वाचनालयात दोन तास, पाचवीच्या बाई, नववीचे सर आणि अकरावीचे सर एकत्र बसले तर काय होईल याचा विचार करा. अकरावीचे सर सांगतील, मुले फलनात अडतात. नववीचे सर सांगतील, ती आलेखातच अडली होती. पाचवीच्या बाई सांगतील, अपूर्णांकातच पाय घसरला होता. साखळीचा तुटलेला दुवा कुठे आहे हे एका चहाच्या वेळात समजेल. त्याला शासनाचा आदेश लागत नाही आणि निधीही लागत नाही. पुठ्ठा, कात्री, चौकटीच्या वह्या आणि फळा एवढे पुरे.

तिसरी गोष्ट दहावीच्या सुटीची. निकालापासून अकरावी सुरू होईपर्यंत मधे बरेच दिवस जातात. त्या दिवसांत इंग्रजी शब्द आणि त्यांचे मराठी अर्थ शेजारी शेजारी ठेवून, विडीच्या हिशेबापासून उजनीच्या पाण्यापर्यंत, फलन आणि वेग या दोनच कल्पना पक्क्या करून दिल्या तरी मुलांची अर्धी भीती जाईल. हा वर्ग घेणाऱ्या तरुणांना, मग ते इंजिनिअरिंगचे विद्यार्थी का असेनात, आधी शिक्षकांनी दोन दिवस शिकवावे कसे हे शिकवले पाहिजे.

याच सोलापुरात ४ जानेवारी १९२५ रोजी बहिष्कृत हितकारिणी सभेने हायस्कूलच्या विद्यार्थ्यांसाठी वसतिगृह सुरू केले. त्या वेळी गरज होती ती डोक्यावर छप्पर आणि पोटाला अन्न मिळून मुलगा शाळेत टिकण्याची. आज शंभर वर्षांनी मुलगा-मुलगी शाळेत टिकतात, पण गणिताच्या तासाला मागच्या बाकावर गप्प बसतात. त्यांना पुढच्या बाकावर आणायचे तर त्यांच्या शिक्षकांनाही शिकण्याची संधी मिळाली पाहिजे. तेव्हा शाळा व्यवस्थापन समितीच्या पुढच्या बैठकीची तारीख शाळेतून विचारून घ्या आणि वरचे चार प्रश्न कागदावर लिहून बरोबर न्या.